कलदार, हाली आणि बँकॉकची बॅग

मागच्या महिन्यात मी आणि बायको चार दिवस बँकॉकला जाऊन आलो. देवळं वगैरे नावापुरती पाहिली. खरं सांगायचं तर आम्ही गेलो होतो खायला आणि खरेदीला. प्रतुनामच्या कपड्यांच्या मॉलमध्ये एक अख्खा दिवस, चतुचकच्या बाजारात एक अख्खा दिवस, आणि संध्याकाळी चायनाटाऊनच्या यावरात रस्त्यावर उभं राहून जे दिसेल ते. जाताना एक बॅग होती, येताना तीन.

घरी आल्यावर आजीसमोर पसारा मांडला. आजी आता ८८ वर्षांची आहे. तिनं एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "नाक्यावर उघडून बघितलं का रे?"

मी म्हटलं, नाक्यावर नाही गं आजी, एअरपोर्टवर कस्टम्स असतं. ग्रीन चॅनलमधून सरळ बाहेर आलो, कोणी विचारलं नाही.

"आमच्या आईला विचारलं होतं," आजी म्हणाली. "मुंबईहून येताना."

मुंबईहून? औरंगाबादला येताना? मला वाटलं आजीची काहीतरी गल्लत होतेय. गल्लत माझीच होती. त्यानंतरचे तीन वीकेंड मी याच विषयात घालवले (मॅनेजर, वाचत असाल तर फक्त वीकेंडच).

शाळेत आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम शिकतो. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून घरी येतो, त्या दिवशी सुट्टी असते याचाच आनंद जास्त. पण निजामाच्या राज्यात 'राहणं' म्हणजे रोजच्या व्यवहारात काय, हे कुणी सांगत नाही. हैदराबाद संस्थान होतं ८२ हजार चौरस मैलांचं. त्याचं स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःचं चलन आणि स्वतःची जकात. आजूबाजूचे लोक या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. आपलं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, या मोगलाईच्या अगदी वायव्य कोपऱ्यात. रोटेगाव स्टेशन मोगलाईत, पुढचं नगरसूल इंग्रजी हद्दीत. नगरच्या रस्त्यानं गेलात तर गोदावरीच्या अलीकडे कायगाव मोगलाईत आणि पलीकडे टोका इंग्रजीत. आज या नदीवरून जाताना आपण फार तर पोरांना पाणी दाखवतो. तेव्हा तिथे परदेश सुरू व्हायचा.

आजीच्या ट्रंकेत तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या पणजोबांची, हिशेबाची एक वही आहे. पणजोबा गुलमंडीजवळ राहायचे आणि एका वकिलांकडे कारकून होते. लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती आणि आजी जेमतेम वर्षाची होती. तिला आजोळी ठेवून दोघं चार दिवस मुंबईला गेले. कारण? आजी म्हणते, "आईला मुंबई बघायची होती, दुसरं काय!" त्या काळी औरंगाबादहून एक कारकून बायकोला घेऊन, कुणाचं लग्न नाही, कुणाचं आजारपण नाही, नवस नाही, नुसतं हिंडायला जातो... मला हे वाचूनच पणजोबा आवडायला लागले.

वहीवर तारीख आहे ती १३४८ सालची! पहिल्यांदा मी चक्रावलो. हा फसली सन. संस्थानच्या कचेऱ्यांतून हाच चालायचा. महिने आजूर, दय, बहमन असे, आणि आजूर सुरू व्हायचा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. १३४८ मध्ये ५९० मिळवले की १९३८. म्हणजे ही सहल १९३८ च्या दिवाळीनंतरची. गाडी मनमाडला पोचली की माणूस ५९० वर्षं पुढे जायचा. आम्ही बँकॉकला उतरल्यावर घड्याळ दीड तास पुढे केलं, त्याचं केवढं कौतुक! (थायलंडचा सनही वेगळाच आहे म्हणा, आपल्यापेक्षा ५४३ वर्षं पुढे.)

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ आहे. डावीकडे 'हाली', उजवीकडे 'क.'. हा 'क' म्हणजे कलदार, इंग्रज सरकारचा रुपया. आणि हाली म्हणजे हाली सिक्का, निजामाचा रुपया, ज्यावर चारमिनार असायचा. १९१८ पासून निजामाच्या नोटाही निघत, आणि त्यांवर किंमत उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही असे. दोन्ही रुपये सोळा आण्यांचे, आणा बारा पैचा. पण किंमत एक नाही. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे. हे मी एक्सेलमध्ये करून पाहिलं, बरोबर येतं. पणजोबा तोंडी करत असणार.

त्यांनी सराफाकडून ३५ हाली देऊन ३० कलदार घेतले. सराफाची बट्ट्याची नोंद वेगळी आहे, म्हणजे फॉरेक्सवाल्याचं कमिशन तेव्हाही होतंच.

पुढे प्रवास. औरंगाबाद ते मनमाड निजामाची मीटरगेज. ही लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली, पुढे थेट सिकंदराबादपर्यंत. मनमाडला उतरायचं, हमाल करायचा, आणि पलीकडच्या फलाटावर जीआयपीची मोठी गाडी पकडायची. नव्वदच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत आपल्या शहरातल्या माणसाची मुंबई अशीच मनमाडला तुटायची. माझे बाबासुद्धा मनमाडच्या फलाटावरच्या रात्रींबद्दल अजून बोलतात.

मुंबईचे चार दिवस वहीत फार नाहीत, खर्चाच्या ओळी तेवढ्या आहेत. ट्राम. पुन्हा ट्राम. 'दुमजली बस', खाली रेघ मारून. मुंबईत डबलडेकर बस आली १९३७ मध्ये, म्हणजे वर्षच झालं होतं, गरज नसताना नुसते बसले असतील. दादरला मामा काण्यांकडे बटाटेवडा. क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा. ही दोन्ही दुकानं तेव्हाही जुनीच, एक १९१० चं आणि दुसरं १९०५ चं. आम्ही मुंबईला गेलो की फालुदा तिथेच पितो, आणि हे मला माहीतच नव्हतं.

फालुद्याची गोष्ट मात्र वहीत नाही, ती आजीकडे आहे. पणजी त्याआधी कधी हॉटेलात बसून काही खाल्लेली नव्हती. चार पुरुषांसमोर टेबलाशी बसायचं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली, आणि पेल्यात खाली बसलेला सब्जा तिला किडा वाटला. मग आवडला. परत आल्यावर सासूबाईंना फालुदा सांगायचा नाही असं दोघांचं ठरलं, ते तिनं सासूबाई असेपर्यंत पाळलं.

खरेदी : एक प्रायमस स्टोव्ह, अर्धा डझन कप-बशा, सुया, आणि एक लुगडं. प्रायमस हा स्वीडनचा, मुंबईच्या बंदरात उतरायचा. औरंगाबादेतही मिळत असणार, पण संस्थानात शिरताना त्याच्यावर जकात बसायची, साधारण शेकडा पाच. या खात्याला 'करोडगिरी' म्हणत. शेकडा पाचाचा हा दर इतका जुना की १८०२ मध्ये कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहापर्यंत तो मागे जातो. परदेशी वस्तू बंदराच्या गावी स्वस्त आणि आपल्या गावी महाग, हे गणित आपण दुबई-सिंगापूरबद्दल ऐकत मोठे झालो. १९३८ मध्ये औरंगाबादकरांची दुबई म्हणजे मुंबई होती.

गिरगावातल्या एका दुकानात पणजीनं पैठणीही पाहिली. परवडणारी नव्हतीच, नुसता पदर उलगडून पाहिला. दुकानदारानं सांगितलं, ही येवल्याची. ज्या पैठणचं नाव त्या साडीला, ते आमच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर, मोगलाईत. येवला हद्दीच्या पलीकडे, इंग्रजीत. पणजी म्हणे त्या दुकानदाराशी भांडली, की पैठणी येवल्याची कशी असेल! पणजोबांनी ओढत बाहेर आणलं.

आणि मग परतीच्या वाटेवर आजीचा तो नाका. औरंगाबाद स्टेशनवर करोडगिरीच्या शिपायानं ट्रंक उघडायला लावली. स्टोव्ह दिसला, जकात भरली, पावतीची नोंद हाली रकान्यात आहे. कप-बशा धुऊन, त्यात वाटेत चहा पिऊन, जुन्या म्हणून दाखवल्या. लुगडं सापडलं नाही कारण मनमाडच्या वेटिंग रूममध्ये पणजीनं ते नेसलं होतं. आमच्या बँकॉकच्या विमानात परतताना नवे बूट, नवं जाकीट, नवं घड्याळ घालून बसलेले किती जण होते, मी मोजले नाहीत. आमच्या दोघांच्याही पायात नवे बूट होते.

इथपर्यंत हे सगळं मजेचं वाटतं. पण हद्द ओलांडणं सगळ्यांना सारखं नव्हतं, हेही लिहायलाच हवं. याच्या चारच वर्षं आधी, १९३४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळ पाहायला निघाले होते. तीही सहलच. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाची धूळ धुवायला सगळ्यांनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा सुरू झाला. शेवटी किल्ल्यात सोडलं, ते आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय, आणि त्या लिखाणाचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. बँकॉकसाठी आम्हाला व्हिसा लागला नाही. पणजोबांना मुंबईसाठी लागला नाही. हे नाव वाचल्यावर मी त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही.

वहीत नंतर बरीच वर्षं किराणा, दूध, शाळेची फी. कलदारचा रकाना रिकामाच. तो पुन्हा भरतो १९४८ मध्ये.

तेव्हा देश स्वतंत्र झाला होता आणि आपण नव्हतो. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण जैसे थे काहीच राहिलं नाही. रझाकारांची दहशत, हद्दीवर चकमकी, पुढे भारताकडून नाकेबंदी. मराठवाड्यातली हजारो कुटुंबं हद्द ओलांडून मनमाड, नगर, बार्शी, सोलापूरकडे गेली. स्टेट काँग्रेसची केंद्रंही अशाच सीमेवरच्या गावांत होती.

पणजोबांनी बायकोला आणि मुलीला नगरला एका नातेवाइकांकडे पाठवायचं ठरवलं. हे आजीला स्वतःला आठवतं, ती अकरा वर्षांची होती. उन्हाळा होता. कायगावपर्यंत बैलगाडी. जायकवाडीचं धरण फार पुढचं, १९७६ चं, त्यामुळे तिथे आजच्यासारखं बारमाही पाणी नव्हतं. नदी आटलेली होती. ट्रंक तीच, मुंबईची. आत स्टोव्ह, दोन कप आणि आईचे दागिने चिंध्यांत बांधून. आईनं अंगावर एकावर एक दोन लुगडी नेसली होती, आणि या वेळी ते जकात चुकवायला नव्हतं.

"नाक्यावर कुणीच नव्हतं," आजी म्हणाली. "आई सारखी मागं बघत होती, की कुणी येईल, ट्रंक उघडायला लावील. कुणी आलंच नाही. टोक्याला पोचल्यावर ती वाळूत बसली आणि रडली."

पलीकडे हाली रुपये कुणी धड घेईना. सराफानं बट्टा किती कापला ते वहीत आहे. आकड्यापुढे पणजोबांनी नंतर केव्हातरी फक्त 'असो' असं लिहिलंय.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पणजी आणि आजी दिवाळीनंतर परत आल्या. हाली सिक्का मात्र लगेच गेला नाही, तो भारतीय रुपयाच्या जोडीनं १९५९ पर्यंत चालत राहिला. तोवर मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलाही होता. म्हणजे मुंबई आपली राजधानी झाली तरी खिशात चारमिनारचा रुपया असू शकत होता.

स्टोव्ह माळ्यावर आहे. मी काल काढून पुसला, पंप चालत नाही. वॉशर मिळतो का बघायचंय, शहागंजच्या बाजारात एक म्हातारे काका अजून स्टोव्ह दुरुस्त करतात असं बायकोनं शोधून काढलंय.

माझ्या पाकिटात वीस बाटची एक नोट उरली होती. आजीनं ती मागून घेतली आणि वहीच्या पाकिटात, तिच्याकडच्या एका हाली रुपयाशेजारी ठेवली. मग म्हणाली, "याचे हाली किती होतील रे?"

मी म्हटलं, आजी, तो दर आता कुठे मिळणार!

"सराफाला विचार," ती म्हणाली.