आधी पाणी, मग तट

मुलूख कसा घ्यायचा आणि घेतलेला कसा राखायचा, याची मराठीतली नवशिक्यांसाठीची सगळ्यात चांगली गाइड १७१५च्या सुमारास लिहिली गेली. लिहिणारा पासष्टीच्या आसपासचा होता. ज्याच्यासाठी लिहिली, तो सतरा वर्षांचा. लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य आणि वाचणारा कोल्हापूरच्या गादीवर नुकताच बसलेला संभाजी, म्हणजे राजाराम महाराजांचा मुलगा आणि शिवाजी महाराजांचा नातू. ग्रंथाचं नाव ‘आज्ञापत्र’.

या ग्रंथापर्यंत मी पोचले ती एका मोबाइल गेममुळे.

आमच्या कॅम्प चारमधली पोरं सध्या एक ऑनलाइन गेम खेळतात. जगाचा नकाशा असतो, त्यावर शेकडो खेळाडू. प्रत्येकाने एका ठिकाणी बोट ठेवायचं. तिथून तुमचा रंग पसरायला लागतो. सैन्य आपोआप वाढत राहतं, त्यातलं किती पाठवायचं ते तुम्ही ठरवायचं. अर्ध्या तासात नकाशावर दोन-तीन रंग उरतात आणि शेवटी एक. सगळी माहिती इंग्रजीत, तीही अर्धवट. नवीन आलेला दुसऱ्या मिनिटाला संपतो. “ताई, तू मराठीत लिहून दे ना,” असं पोरांनी म्हटलं आणि मी लिहायला बसले.

नवशिक्याला सगळ्यात आधी काय सांगायचं? हा प्रश्न माझ्याआधी बऱ्याच जणांना पडलेला आहे.

नियम कुठे असतात?

बुद्धिबळ हाही फौजेचाच खेळ. प्यादी, घोडे, हत्ती, उंट, वजीर. पण त्याचा पट सपाट असतो. चौसष्ट घरं, ना डोंगर ना नदी. खऱ्या भूभागासारख्या पटावर खेळायचा युद्धाचा खेळ प्रशियात तयार झाला. राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२ साली तो तिथल्या राजासमोर मांडला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, तो प्रत्यक्ष नकाशांवर आणला आणि १८२४मध्ये नियम छापले. दोन बाजू आणि मध्ये एक पंच. तुम्ही पंचाला हुकूम द्यायचा, तो हिशेब करून निकाल सांगायचा. पुढे नियम इतके वाढले की १८७०च्या दशकात काही अधिकाऱ्यांनी त्यातले बरेचसे बाजूला ठेवले आणि अनुभवी पंचाच्या शब्दावर खेळ चालवायला सुरुवात केली.

१९५७मध्ये अल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाने जग जिंकायचा एक बोर्डगेम बाजारात आणला. ‘द रेड बलून’ हा लहान मुलाचा आणि फुग्याचा सुंदर सिनेमा ज्याने केला, तोच हा माणूस. तो खेळ पुढे ‘रिस्क’ नावाने जगभर पोचला. त्याचे नियम खोक्यातच मिळायचे. आधी वाचा, मग खेळा.

ऑनलाइन गेममध्ये पंचाची जागा सर्व्हरने घेतली. हिशेब तो करतो आणि आपल्याला फक्त निकाल दिसतो. एका हल्ल्यात किती सैन्य जळतं, सीमेवर किती उरतं, हे हरत हरतच कळतं. म्हणून अशा खेळाची गाइड भरपूर वेळा हरलेला माणूसच लिहू शकतो. रामचंद्रपंतांकडेही ही पात्रता होती. त्याकडे येतेच, आधी शब्दांचा घोळ सांगते.

रिकामी जमीन

गेम सुरू होताना नकाशाचा बराच भाग राखाडी असतो, म्हणजे कोणाचाच नसतो. पहिल्या मिनिटात तो जमेल तितका घ्यायचा असतो. याला मराठीत काय म्हणायचं?

पडीक? पडीक जमीन म्हणजे कोणीतरी कसायची सोडून दिलेली. ओसाड? ओसाड म्हणजे जिथे कधीकाळी वस्ती होती. गायरान? ते तर गावाच्या गुरांचं. महसुली कागदांत ‘बेचिराख गाव’ असा शब्द आजही सापडतो. चिराग नसलेलं, म्हणजे जिथे आता दिवा लागत नाही असं गाव. त्या गावाला नाव असतं, शिव असते, फक्त माणसं नसतात. यातल्या प्रत्येक शब्दात आधी कोणीतरी राहून गेलंय किंवा कोणाची तरी गुरं चरतायत. गेममधल्या राखाडी रंगाइतकी कोरी जमीन मला या शब्दांत सापडली नाही. शेवटी मी ‘राखाडी भाग’ एवढंच लिहिलं.

बाकीचे शब्द मात्र भराभर आले. मागून येणारी मदत म्हणजे कुमक. पोटापाण्याचा पुरवठा म्हणजे रसद. शेजाऱ्याशी करार म्हणजे तह. तह मोडून शेजारी चालून आला तर दगा आणि आपलाच माणूस फुटला तर फितुरी. इंग्रजी गाइडमध्ये या दोन्हींना एकच शब्द होता. दुसऱ्याने देऊ केलेलं सोनं म्हणजे खंडणी. हा शब्द मी लिहून खोडला, कारण आज तो पोलिसांच्या कागदात जास्त भेटतो. ‘नजराणा’ केलं.

हे सगळे शब्द मराठीत तयार आहेत, कारण आपल्याकडे हा खेळ शतकानुशतकं खरोखर चालला होता.

रंग पसरला, राज्य नाही

नवशिक्याची नेहमीची खोड एकच असते. तो सगळं सैन्य पुढे पाठवतो. नकाशावर रंग झपाट्याने पसरतो, नाव यादीत वर जातं आणि मग कोपऱ्यातला एखादा छोटा रंग त्याला मागून खायला लागतो. जेवढा मुलूख मोठा, तेवढी सीमा लांब, आणि सीमा लांब झाली की प्रत्येक ठिकाणी सैन्य पातळ.

हे समजावून सांगायला मला औरंगजेबापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नाही. तो १६८१ साली दख्खनेकडे निघाला. १६८६मध्ये विजापूर घेतलं, १६८७मध्ये गोवळकोंडा. मार्च १६८९मध्ये संभाजी महाराजांना ठार केलं आणि त्याच वर्षी रायगडही घेतला. १६९०चा नकाशा या गेमच्या पद्धतीने रंगवला, तर जवळजवळ सगळा एकाच रंगाचा दिसेल. नवशिक्या म्हणेल, संपला खेळ.

त्या वेळी राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला होते आणि इकडचा कारभार रामचंद्रपंतांच्या हातात होता. ‘हुकमतपनाह’ हा किताब त्यांना तेव्हाचा. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगलांच्या रसदेवर तुटून पडत होते. पुढे बादशहाने एकेक किल्ला स्वतः घ्यायला सुरुवात केली. १७००मध्ये सातारा, १७०१मध्ये पन्हाळा, १७०२मध्ये विशाळगड, १७०३मध्ये सिंहगड, १७०४मध्ये राजगड आणि तोरणा. काही वेढे घालून, काही पैसे मोजून. फौज पुढे सरकली की मागचे किल्ले पुन्हा मराठ्यांकडे जायला लागत. १७०७मध्ये तो अहमदनगरजवळ वारला, तोवर दख्खनेत पंचवीस वर्षं गेली होती. नकाशावरचा रंग त्याचा होता, पण महसूल आणि वाटा त्याच्या हातात टिकत नव्हत्या.

रामचंद्रपंतांनी हे सगळं आतून पाहिलं होतं. राजधानी गेलेली पाहिली, राजा मारला गेलेला पाहिला, किल्ले जाताना आणि परत येताना पाहिले. त्यानंतर ते सतरा वर्षांच्या मुलासाठी लिहायला बसले.

गाइडमध्ये काय आहे

आज्ञापत्रात हल्ला कसा करायचा यावर फारसा भर नाही. भर आहे तो राज्य चालवण्यावर. प्रधान कसे नेमावेत, सावकारांना कसं वागवावं, वतनदारांना आवर कसा घालावा, किल्ले कसे बांधावेत, आरमार कसं ठेवावं.

किल्ल्यांचं प्रकरण वाचताना तर समोर खरंच एखादी गाइड उघडी आहे असं वाटतं. जागा निवडताना आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी करा, मगच बांधकाम काढा. एका झऱ्यावर विसंबू नका, लढाईत तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो, म्हणून साठवणीचं पाणी वेगळं ठेवा. तोफेच्या टप्प्यात दुसरा डोंगर नको. दरवाजा खालून दिसता कामा नये. एकच दरवाजा ठेवू नका, चोरदिंड्या हव्यात.

हे वाचून मी माझ्या गाइडचा पहिला नियम लिहिला: ‘आधी पाणी, मग तट.’ म्हणजे सुरुवातीला लढू नका, सैन्य वाढू द्या. दुसरा नियम: ‘एका वेळी निम्म्याहून जास्त सैन्य पाठवू नका.’ तिसरा: ‘पाठीशी समुद्र किंवा डोंगर असेल अशी जागा निवडा.’

व्यापाऱ्यांना बोलावून आणून पेठा वसवा, असंही आज्ञापत्र सांगतं. पण टोपीकरांची, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते नुसते व्यापारी नाहीत, त्यांच्या मागे त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना किनाऱ्यावर किल्ल्याजोगी जागा देऊ नका. शंभरेक वर्षांनी, १८१८मध्ये, पेशवाई इंग्रजांच्या हातात गेली. यावरून चौथा नियम आला: ‘तह करा, पण सीमेला लागून उभा असलेला मित्र किती वाढतोय ते बघत राहा.’

एका गोष्टीचा मात्र मला नियम करता आला नाही. आरमाराच्या प्रकरणात जहाजांच्या लाकडाचा विषय निघतो. (शिवाजी महाराजांनी १६५७च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. आमच्या शहराच्या कडेने वाहणारी उल्हास नदी तीच खाडी होते.) आज्ञापत्र म्हणतं की आंबा आणि फणस ही झाडंही जहाजांच्या कामाची आहेत, पण त्यांना हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जुनं झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडा.

गेमच्या नकाशावर आंब्याचं झाड नाही, कारण झाडाखाली बसणारा माणूसच नाही. रंग बदलला की काम संपलं.

रंग बदलल्यावर

मी राहते ते शहर मात्र रंग बदलल्यानंतरच सुरू होतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली. १९४७च्या फाळणीत पंजाब आणि बंगालच्या मधून रेषा गेली. ती आखणारा रॅडक्लिफ त्याआधी कधी भारतात आलेला नव्हता आणि कामाला त्याच्याकडे जेमतेम पाच आठवडे होते. सिंधमधून रेषा गेलीच नाही. अख्खा प्रांत एका रंगात गेला. तिथले लाखो हिंदू सिंधी घरदार सोडून निघाले, त्यातले अनेक जण कराचीहून बोटीने मुंबईला उतरले आणि हजारो कुटुंबं कल्याणच्या रिकाम्या बराकींमध्ये आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं.

छावणीचे आकडे मात्र गेले नाहीत. आजही विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला “कॅम्प चार, लालचक्की” एवढंच सांगायचं. दुसऱ्यांच्या युद्धासाठी दिलेले नंबर आमचे पत्ते झाले. मराठी माणसं आली, इतर प्रांतांतली आली, कारखाने आले, शिवणयंत्रं आली. बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या.

आमच्या मजल्यावरचा एक सिंधी मुलगा हा गेम खेळतो. दर वेळी तो सिंधू नदीच्या काठीच बोट ठेवतो. त्याच्या पणजोबांचं गाव शिकारपूर. खेळाच्या हिशेबाने ही जागा वाईट, चारही बाजूंनी खेळाडू तुटून पडतात. मी त्याला तिसरा नियम दाखवला. एखादं बेट घे, मादागास्कर घे, जपान घे. “दीदी, वहाँ अपना कौन है?” असं म्हणून त्याने पुन्हा तिथेच बोट ठेवलं.

त्याला काय सांगायचं, याचा मी बरेच दिवस विचार केला. ज्याच्यासाठी आज्ञापत्र लिहिलं गेलं, त्या राजालाही जागा निवडता आली नव्हती. एका बाजूला साताऱ्याची गादी होती, ती त्याच्याच चुलत्याच्या मुलाची. किनाऱ्यावर टोपीकर, घरात वतनदार. रामचंद्रपंतांनी त्याला दुसरीकडे जा असं लिहिलं नाही. इथेच राहायचंय हे धरून पाणी कुठे साठवायचं ते लिहिलं.

म्हणून तिसऱ्या नियमाखाली मी आणखी दोन ओळी टाकल्या: ‘मध्येच सुरुवात करायची असेल तर करा. पण मग पहिल्याच मिनिटाला दोन शेजाऱ्यांशी तह करा, आणि तो आपण होऊन मोडू नका.’

गाइड आता पोरांच्या ग्रुपवर आहे. एकूण सात नियम, मोबाइलच्या दोन स्क्रीनमध्ये मावतात. सिंधूकाठचा आमचा खेळाडू परवा अकरा मिनिटं टिकला. आधी तो तीन मिनिटांत जायचा.