मठ, तालीम आणि आरोग्य

आरोग्य हा वैद्याचा विषय आणि उपासना हा मठाचा, अशी वाटणी आज आपण सहज करून टाकतो. इतिहासास ती मान्य नाही. आहार, श्रम व मनाचे समाधान या तिन्ही गोष्टी मठजीवनात एकाच दिनक्रमात गुंफलेल्या होत्या. त्यांतील काय टिकले व काय गळाले, हे वर्धापनाच्या निमित्ताने तपासून पाहणे उचित होय.

श्रीसमर्थ रामदासांचाच (१६०८-१६८२) संप्रदाय घेऊ. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षांच्या तपश्चर्येत समर्थ नित्य १२०० सूर्यनमस्कार घालीत, अशी परंपरा सांगते. पुढे त्यांनी स्थापिलेले अकरा मारुती प्रसिद्धच आहेत. मारुती ही बलाची देवता. म्हणून मराठी गावात तालीम तेथे मारुती हे ठरलेलेच. भिक्षेच्या फेरीमुळे शिष्यास रोजची पायपीट घडे, आणि झोळीत पडेल तेच खावयाचे असल्यामुळे जिभेस आपोआप लगाम बसे. मनासाठी 'मनाचे श्लोक' होते. हे २०५ श्लोक परक्यास उपदेश करण्यासाठी नव्हेत. त्यांत क्रोध, भय व शोक यांविषयी साधक आपल्याच मनाची समजूत घालतो.

ही बलोपासना नव्या युगात शास्त्राच्या कसोटीस उतरली, आणि त्यात वडोदऱ्याचा वाटा मोठा आहे. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांनी तरुणांच्या पिढ्या घडविल्या. वडोदऱ्यासच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध केला. माणिकरावांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने परीक्षा चालविली. इकडे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. जी साधना मूठभर साधकांची होती, ती अशा रीतीने शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली.

मात्र याच काळात आहाराची वाट उलट दिशेने गेली. एकादशीचा हेतू पोटास विसावा देणे हा. परंतु ज्या बटाटा, शेंगदाणा व साबुदाणा यांवर आपला उपवास आज उभा आहे, त्यांतील बटाटा व भुईमूग ही पिके, तसेच साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओका, मुळात दक्षिण अमेरिकेतील होत. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतरच ती आपल्याकडे रुजली. प्राचीन व्रतकारांस ती ठाऊकही नव्हती. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण लोकांनी उगाच केलेली नाही.

या विसंगतीचे मोल आज चुकवावे लागत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात मधुमेह जडलेल्यांची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे. आणि प्रौढांतील त्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. अन्न वाढले, हालचाल घटली आणि मनास उसंत राहिली नाही, या तिहींचा या व्याधीशी संबंध आहे, असे आधुनिक वैद्यकही सांगते.

आता प्रश्न आपल्यापुरता. उत्सवात महाप्रसादाच्या पंगती आजही उठतात, आणि त्या उठाव्यातच. परंतु ज्या अंगणात पंगत बसते, त्याच अंगणात पहाटे नमस्कार घालणारे किती जण दिसतात? सायंकाळी श्लोक म्हणण्यास मुले जमतात काय? परंपरेचे तीन धागे होते. आपण गोड तेवढा एकच हाती धरला, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे कठीण आहे. पहाटे बारा नमस्कार, उपवासाच्या दिवशी खरोखर अल्पाहार आणि दिवेलागणीस सर्वांनी मिळून श्लोकपठण, एवढे जरी प्रत्येक मठाने पुन्हा सुरू केले, तरी पूर्वसूरींचे ऋण काही अंशी फिटेल. त्यास ना मोठा निधी लागतो, ना नवी इमारत. अंगण तर आहेच.