गिरगाव ते वायमार : प्रभाव की येरझार?

युरोपच्या सहलीला निघालेल्या मुंबईकरांच्या कार्यक्रमपत्रिकेत वायमार आणि लाइपझिग ही नावे क्वचितच दिसतात. साहित्य-संगीताचे रसिक मात्र तेथे वाट वाकडी करून जातात. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चची संगीतधुरा बाखने १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत वाहिली. वायमारच्या नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर यांचा १८५७ सालचा जोडपुतळा आहे. पण मराठी रंगभूमीचे या शहरांशी जे नाते जडले, ते प्रेक्षणीय स्थळांमुळे नव्हे, तालमींमुळे. आपल्या अभ्यासक्रमात ते ‘ब्रेख्तचा प्रभाव’ या दोन शब्दांत उरकले जाते, हे मला खटकते.

भारताने १९७२ मध्ये पूर्व जर्मनीला राजनैतिक मान्यता दिली. पुढच्याच वर्षी वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजया मेहता यांनी मिळून ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे नाटक मुंबईत बसवले. विजयाबाईंची जडणघडण गिरगावच्या साहित्य संघाच्या आणि पुढे ‘रंगायन’च्या (१९६०) वातावरणातली. सरकारी देवाणघेवाणीतून सहसा हारतुरे आणि छायाचित्रे उरतात; येथे एक नाटक उरले. त्याचे प्रयोग पुढे पूर्व जर्मनीतही झाले.

मराठी संहिता चिं. त्र्यं. खानोलकरांची. दशावतारी खेळांच्या दक्षिण कोकणात जन्मलेल्या या कवीला ब्रेख्तचा गायक-निवेदक परका वाटण्याचे कारण नव्हते. कथेबाहेर उभे राहून कथा सांगणारा सूत्रधार मराठी प्रेक्षकाने जन्मभर पाहिलेला असतो. मग ‘दुरावा’ ही संकल्पना आपण वर्गात एखाद्या विदेशी औषधासारखी का शिकवतो? आणि कथानक तरी संपूर्ण जर्मन कोठे आहे? ब्रेख्तने हे नाटक १९४४ मध्ये अमेरिकेतील विजनवासात लिहिले ते एका जुन्या चिनी नाटकाच्या आधारे. पालीतील महाउम्मग्ग जातकातही एका मुलासाठी दोघीजणी भांडतात. महोसध जमिनीवर रेघ ओढून मुलाला तिच्यावर ठेवतो आणि दोघींना ओढायला सांगतो. तेथे रेघ आहे, येथे वर्तुळ आहे. दोन्हीकडे हात सोडते तीच आई ठरते.

उलट दिशेचा प्रवासही झाला. जोन्सच्या इंग्रजी ‘शाकुंतला’वरून (१७८९) फोर्स्टरने १७९१ मध्ये केलेला जर्मन अनुवाद वाचून गटे मोहित झाला, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, थोड्या अभिमानानेच सांगतो. विजयाबाईंनी ‘मुद्राराक्षस’ जर्मन नटांना घेऊन उभे केले, हे मात्र सांगायचे राहून जाते. वास्तविक संस्कृत नाटक जर्मन वाचकाला भावले ही एक गोष्ट, आणि मुंबईच्या दिग्दर्शिकेने ते जर्मन नटाच्या चालण्याबोलण्यात उतरवले ही अगदी निराळी. पहिलीला ग्रंथालय पुरते. दुसरीला रंगमंच आणि कित्येक आठवड्यांचा घाम लागतो.

१९८४ मध्ये त्यांनी वायमारला ‘हयवदन’ केले. कार्नाडांच्या या नाटकातील मस्तकांच्या अदलाबदलीची गोष्ट मूळची वेताळकथांतली. टोमास मानने तीवरून १९४० मध्ये, तोही अमेरिकेत विजनवासात असताना, एक लघुकादंबरी लिहिली आणि कार्नाडांनी तिचा आधार घेतला. मानने जिला जर्मन रूप दिले ती गोष्ट कन्नडमधून फिरून पुन्हा जर्मन भाषेत आली. गटेच्या गावात, मराठी दिग्दर्शिकेच्या हातून.