इनटेक मॅनिफोल्डचे गॅसकेट व कूलंट एल्बो बदलणे (जीएम ३८०० इंजिन)

इंजिनाच्या सिलिंडर-हेडांना हवा वाटून देणारा मॅनिफोल्ड उचलून त्याखालचे गॅसकेट आणि लगतचे कूलंटचे जोड नवे बसवण्याची दुरुस्ती. मराठी गॅरेजात गॅसकेटला ‘पॅकिंग’ आणि कूलंटला सरसकट ‘पाणी’ म्हणतात. त्यामुळे तिथे ‘मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय, गाडी पाणी पितेय’ एवढ्यात सगळे निदान आटोपते. हे काम कोणत्याही इंजिनावर निघू शकते. पण अमेरिकेत ते घरोघरी ठाऊक झाले जनरल मोटर्सच्या (जीएम) ३८०० मालिका-२ या व्ही-६ इंजिनामुळे. हे इंजिन भारतात विकल्या गेलेल्या गाड्यांत आले नाही.

घराणे जुने आहे. ब्यूइकने १९६२ च्या गाड्यांत आणलेल्या व्ही-६ ची यंत्रसामग्री जीएमने १९६७ मध्ये कायझर-जीपला विकली आणि इंधनटंचाईचे चटके बसल्यावर १९७४ मध्ये परत विकत घेतली. त्याच वंशातली मालिका-२ ही १९९५ च्या मॉडेलांपासून आली. ३.८ लिटर, बीडाचा ब्लॉक, बीडाचीच हेडे. ब्यूइक लेसेबर, पाँटिअ‍ॅक बॉनव्हिल, ओल्ड्समोबिल ८८ अशा कितीतरी गाड्यांत ते बसले आणि लाखो मैल निमूट चालण्यासाठी नावाजले गेले. उत्पादन २००८ मध्ये थांबले. खोट होती ती या बीडाच्या डोक्यावर ठेवलेल्या प्लास्टिकात.

दोष एक नव्हे, तीन. वरचा मॅनिफोल्ड, म्हणजे प्लेनम, नायलॉन-मिश्रणाचा. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआरची धातूची नळी त्याच्या पोटातून वर येते आणि कूलंटची वाट तिच्या अगदी शेजारून जाते. वर्षानुवर्षे त्या नळीची धग खाऊन भोवतालचे प्लास्टिक भुसभुशीत होते. मग कूलंट थेट हवेच्या मार्गात झिरपते. खालचा मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा. त्याखालच्या गॅसकेटची चौकटही मुळात प्लास्टिकची होती, आणि ती कालांतराने वाकते, चिरते. तिसरा दोष एल्बोंचा : पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पट्ट्याच्या टेन्शनरच्या ब्रॅकेटला इंजिनाच्या कूलंट-मार्गाशी जोडणारे दोन छोटे प्लास्टिकचे एल्बो.

कारखान्यातून भरून आलेले नारंगी ‘डेक्स-कूल’ कूलंट प्लास्टिक खाते, की गॅसकेटच कच्चे होते, यावर मेकॅनिकांत आजही दोन तट आहेत. जीएमवर ग्राहकांनी समूहदावे केले. ते २००८ मध्ये तडजोडीने मिटले.

लक्षणे फसवी असतात. जमिनीवर एक थेंब नाही, पण कूलंटच्या टाकीतली पातळी दर पंधरवड्याला खाली. बॉनेट उघडले की गोडसर वास. गॅसकेट हवेच्या बाजूने सुटले असेल तर इंजिन ‘हवा खेचते’ आणि आयडलिंग वरखाली होते. कूलंट ऑइलात उतरले तर डिपस्टिकवर दूध घातलेल्या कॉफीचा रंग दिसतो. सगळ्यात वाईट म्हणजे गाडी रात्रभर उभी असताना प्लेनममधून सिलिंडरात पाणी साठणे. द्रव दाबला जात नाही. सकाळी स्टार्टर मारताच पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

काम थंड इंजिनावर करतात. कूलंट काढून घेतात, इंधनाचा दाब सोडतात, मग थ्रॉटल बॉडी, प्लेनम, इंजेक्टरांसह फ्युएल रेल आणि टेन्शनरचा ब्रॅकेट निघतो. खालच्या मॅनिफोल्डचे दोन तिरके बोल्ट कोपऱ्यात दडलेले असतात. ते राहून गेले आणि पहार लावून जोर केला, तर अ‍ॅल्युमिनियम चिरते. जुना एल्बो बहुधा अखंड निघतच नाही. बिस्किटासारखा तुटतो, निम्मा भोकात राहतो आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तुकडा तुकडा टोकरून काढावा लागतो. एखादा कण आत पडला तर तो पुढे थर्मोस्टॅटशी जाऊन अडकतो, म्हणून टोकरण्याआधी भोकात चिंधी कोंबतात. नवे एल्बो अ‍ॅल्युमिनियमचे मिळतात. ओ-रिंगला कूलंटचा हात फिरवून ते बसवतात.

खरा वेळ जातो पृष्ठभाग साफ करण्यात, आणि इथेच घाई नडते. जुने गॅसकेट पटकन खरवडावे म्हणून ड्रिलला खरखरीत चकती लावणे हा हमखास मोह. तिची अपघर्षक धूळ ऑइलात मिसळून बेअरिंगे खलास करते. याविरुद्ध जीएमने आपल्या मेकॅनिकांना लेखी बजावले होते. प्लास्टिकची पट्टी, विद्रावक आणि धीर, एवढेच साहित्य पुरे. पुढच्या-मागच्या कडेचे सील जिथे हेडांना भिडतात त्या चार कोपऱ्यांत सिलिकॉन सीलंटचा ठिपका देतात. बोल्टांचे आटे पुसून त्यांना आटे पकडून ठेवणारा द्रव लावतात आणि मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात. खालच्या मॅनिफोल्डला अवघे १५ न्यूटन-मीटर, प्लेनमला १० च्या आसपास. हाताला हे फार ढिले वाटते. टॉर्क रेंच नसलेला माणूस इथे हटकून जास्त आवळतो आणि नवे गॅसकेट चिरडून बसतो.

याच कंपनीच्या ३१०० आणि ३४०० या धाकट्या व्ही-६ इंजिनांत मात्र हे काम जास्त जोखमीचे. तिथे पुशरॉड गॅसकेटच्या आरपार जातात, म्हणून रॉकर सोडून ते उपसावे लागतात. इनटेकचे आणि एक्झॉस्टचे पुशरॉड लांबीला वेगळे; अदलाबदल झाली की ते किंवा व्हॉल्व्ह वाकतात. अनुभवी हात पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात ते क्रमाने खोचून ठेवतात. ३८०० मध्ये पुशरॉडना हात लावावा लागत नाही.

मॅनिफोल्ड उचलताना थोडे कूलंट खाली ऑइलात सांडतेच. त्यामुळे ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलतात. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरताना थर्मोस्टॅटच्या घरावरचा छोटा पितळी स्क्रू सैल ठेवतात. आधी फुसफुस, मग बुडबुडे, शेवटी सलग धार लागली की तो बंद करतात. दोन-चार दिवस गाडी चालवून रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पातळी पुन्हा पाहिली जाते.