स्काऊट शिबिर आणि कौटुंबिक शिबिर : स्वयंसेवकाच्या जबाबदारीचे स्वरूप

स्काऊट-गाईड ही मुलामुलींना वर्गाच्या चार भिंतींबाहेर, निसर्गाच्या सान्निध्यात आणि लहान लहान गटांतून घडविणारी जागतिक चळवळ आहे. तिची सारी उभारणी स्वयंसेवकांच्या खांद्यावर झालेली आहे. सुट्टीचा दिवस पथकाला देणारे शिक्षक, कचेरीतून रजा काढून शिबिराला येणारे पालक, शिधा मोजून देणाऱ्या माता-भगिनी यांच्याशिवाय एकही पथक फार काळ टिकत नाही. या स्वयंसेवकाने नेमके काय करावे आणि काय करू नये, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात चळवळीचा थोडक्यात परिचय करून देऊन हाच प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मुलांवर मनापासून विश्वास टाकावा आणि मोठ्यांनी स्वतःला नियमांच्या बंधनात ठेवावे, ही दोन सूत्रे त्याच्या उत्तराचा गाभा आहेत.

चळवळीचा उगम

संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७-१९४१) हे ब्रिटिश सैन्याधिकारी होते. १८७६ साली ते लखनौ येथे आपल्या पलटणीत रुजू झाले होते. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगच्या वेढ्यात (१८९९-१९००) किशोरवयीन मुलांनी निरोप पोहोचविण्यासारखी जोखमीची कामे चोख पार पाडली. खरी जबाबदारी सोपविल्यास मुले ती निभावतात, हा धडा बेडन-पॉवेल यांनी त्यातून घेतला. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे २० मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले. नामांकित शाळांतील श्रीमंतांची मुले आणि कष्टकरी घरांतील मुले तेथे एकाच तंबूत राहिली. त्यांचे चार संघ पाडून प्रत्येक संघाचे नेतृत्व त्यांच्यापैकीच एका मुलाकडे देण्यात आले. १९०८ साली 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक पाक्षिक भागांत प्रसिद्ध झाले. ते वाचून अनेक ठिकाणी मुलांनी आधी संघ स्थापन केले आणि मार्गदर्शक मागाहून शोधला. १९१० साली मुलींसाठी गाईड संघटना सुरू झाली.

भारतातील वाटचाल

भारतात पहिले पथक १९०९ साली बंगळूर येथे कॅप्टन टी. एच. बेकर यांनी सुरू केले. प्रारंभी हे दालन केवळ युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी खुले होते. हा भेदभाव मान्य नसल्याने डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रास येथे, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबाद येथे सेवा समितीच्या वतीने भारतीय मुलांसाठी संघटना उभारल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकीकरण होऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड संघटनाही तीत विलीन झाली. संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशातील पचमढी येथे आहे.

महाराष्ट्रात हे कार्य मुख्यत्वे शाळांमधून चालते. लहान मुले कब व बुलबुल होतात, त्यापुढील वयाची स्काऊट व गाईड आणि तरुण-तरुणी रोव्हर व रेंजर. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी प्रगतीची पायरी आहे. स्वतःच्या श्रमाने चार पैसे मिळवायला शिकविणारा 'खरी कमाई' हा उपक्रम अनेक वाचकांना शालेय जीवनापासून आठवत असेल. गणवेश, स्कार्फ आणि प्रमाणपत्र ही मात्र चळवळीची बाह्य अंगे आहेत. तिचा प्राण संघपद्धतीत आहे.

संघपद्धती आणि मागे राहण्याची कला

पथकातील ६ ते ८ मुलांचा एक संघ होतो आणि त्याला एक संघनायक असतो. हा संघ आपला तंबू स्वतः उभारतो, आपला स्वयंपाक स्वतः रांधतो आणि कामांची वाटणी स्वतः करतो. सर्व संघनायक एकत्र बसून पथकाचे प्रश्न सोडवितात, त्या सभेला 'कोर्ट ऑफ ऑनर' म्हणतात. या पद्धतीवर रोलंड फिलिप्स या तरुण इंग्रज स्काऊट कार्यकर्त्याने १९१४ साली पुस्तक लिहिले. पुढे १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्याला मरण आले.

नव्या स्वयंसेवकाला येथेच खरी अडचण येते. भात करपू लागला की हात आपोआप पातेल्याकडे जातो. तंबूची दोरी सैल दिसली की ती आपणच ताणून बांधावीशी वाटते. तसे केल्यास शिबिर नीटनेटके दिसते, परंतु मुलांच्या पदरी काही पडत नाही. करपलेला भात संघाने एकदा खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी आच कमी ठेवण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. हस्तक्षेप केव्हा करावा, यासाठी एक सोपी कसोटी आहे. चुकीचा परिणाम गैरसोय, थोडी उपासमार किंवा भिजलेले अंथरूण एवढाच असेल, तर स्वयंसेवकाने हात मागे बांधून उभे राहावे. परिणाम इजा किंवा जीविताचा धोका असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता पुढे व्हावे. विस्तव, पाणी, उंची, वाहनांचा रस्ता आणि औषधे यांबाबतचे निर्णय कधीही मुलांवर सोपवू नयेत.

कॅथॉलिक परंपरेतील स्थान

स्काऊट वचनात ईश्वराप्रति कर्तव्याचा उल्लेख आहे. आपल्या देशात 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' हा शब्द घेण्याचीही मुभा आहे. त्यामुळे विविध धर्मांची मुले एकाच ध्वजाखाली उभी राहू शकतात. फ्रान्समधील येशूसंघीय धर्मगुरू फादर जाक सव्हँ (१८८२-१९५१) यांनी १९१३ साली इंग्लंडला जाऊन बेडन-पॉवेल यांची भेट घेतली आणि १९२० साली इतरांच्या साथीने फ्रान्समध्ये कॅथॉलिक स्काऊट संघटना स्थापन केली. २०१२ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक स्काऊट परिषदेच्या घटनेला १९६२ साली व्हॅटिकनची मान्यता मिळाली.

इटलीतील इतिहास अधिक बोलका आहे. फेरारानजीकच्या आर्जेंता येथील धर्मगुरू फादर जोव्हान्नी मिन्झोनी यांनी आपल्या धर्मग्रामात स्काऊट पथक उभारले. तरुणांवर ताबा मिळवू पाहणाऱ्या फॅसिस्टांना ते खपले नाही. २३ ऑगस्ट १९२३ रोजी फॅसिस्टांनी केलेल्या जीवघेण्या मारहाणीत त्यांचे निधन झाले. पुढे मुसोलिनीच्या राजवटीने स्काऊट पथकांवर बंदी घातली, तेव्हा मिलान येथील काही तरुणांनी १९२८ ते १९४५ पर्यंत आल्प्सच्या दऱ्यांत गुप्तपणे शिबिरे भरविली. महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात त्यांच्यापैकी अनेकांनी ज्यू बांधवांना व अन्य पीडितांना स्वित्झर्लंडची सीमा ओलांडण्यास साहाय्य केले. गणवेश, ध्वज आणि संचलन फॅसिस्टांच्या बालसंघटनेतही होते. तेथे मुलांना केवळ आज्ञापालन शिकविले जात होते, तर स्काऊट संघात विचार करून निर्णय घेणे शिकविले जात होते. आजच्या स्वयंसेवकानेही हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

शिबिराची पूर्वतयारी

उत्तम शिबिराचे अर्धे काम घरीच झालेले असते. जागा स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय ठरवू नये. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ तंबूतील मुक्कामासाठी सोयीचा असतो. जागा वनक्षेत्रात असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी. पिण्याच्या पाण्याची खात्री नसेल, तर ते उकळूनच वापरावे. शौचाची जागा ओढा-विहिरीपासून किमान ६० मीटर दूर असावी. जवळचे रुग्णालय कोठे आहे, तेथे सर्पदंशावरील लस उपलब्ध असते काय आणि रात्री वाहन कोण चालविणार, हे आधीच ठरलेले असावे. १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (आपत्कालीन सेवा) हे क्रमांक प्रत्येक संघनायकाला पाठ असावेत. शिबिराच्या जागी मोबाइलला संपर्क मिळतो की नाही, हेही तपासून घ्यावे.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरीही बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि त्वरित रुग्णालय गाठावे. तंबूत मेणबत्ती, स्टोव्ह अथवा शेगडी कधीही पेटवू नये. त्यात आगीचा धोका असतोच, शिवाय बंद जागेत साचणारा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. नदी, धरण, खदान किंवा समुद्र जवळ असल्यास पोहणे हा कार्यक्रमाचा भाग नाही असे आरंभीच स्पष्ट सांगावे. प्रशिक्षित जीवरक्षक आणि परिचित जागा असल्याशिवाय या नियमाला अपवाद नको. मुले जोडीजोडीने फिरतील आणि दिवसातून अनेकदा मोजदाद होईल, अशी व्यवस्था ठेवावी.

कौटुंबिक शिबिर

कौटुंबिक शिबिरात आई-वडील आणि मुले एकत्र मुक्काम करतात. याचा हेतू पथकाच्या शिबिराहून वेगळा आहे. पथकाच्या शिबिरात मूल घरापासून दूर राहून स्वावलंबन शिकते. कौटुंबिक शिबिरात कुटुंब घराच्या सवयींपासून दूर जाऊन एकमेकांना नव्याने पाहते. घरी पाण्याचा पेला हातात मागणारा मुलगा येथे चुलीसाठी सरपण गोळा करतो. स्वयंपाकघरात कधी न शिरलेले वडील येथे कांदा चिरतात. आजी-आजोबा शेकोटीभोवती जुन्या गोष्टी सांगतात आणि मुले त्या ऐकतात, कारण जवळ दूरचित्रवाणी संच नसतो.

या शिबिरातही काही पथ्ये आवश्यक आहेत. प्रत्येक मुलाची जबाबदारी त्याच्या पालकांचीच राहील, हे पहिल्या सभेतच सांगावे. अन्यथा सर्वांची मुले म्हणजे कोणाचीच नाहीत अशी अवस्था होते. झोपण्याची व्यवस्था कुटुंबनिहाय असावी. मद्यपानाला पूर्ण मज्जाव असावा. एक पालक असलेली कुटुंबे, तंबू विकत घेण्याची ऐपत नसलेली कुटुंबे आणि दिव्यांग मुले यांना संकोच वाटणार नाही, अशी आखणी करावी. रविवारचा ख्रिस्तयाग उघड्यावर अर्पण करताना अन्य धर्मीय कुटुंबांवर उपस्थितीची सक्ती नसावी. त्या वेळेत त्यांच्यासाठी प्रार्थनेची अथवा चिंतनाची स्वतंत्र जागा ठेवता येते.

बालसुरक्षा : न टाळता येणारा विषय

या चळवळीने विश्वासाचा मोठा भंगही अनुभवला आहे. अमेरिकेतील 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' या संस्थेने (२०२५ पासून 'स्काउटिंग अमेरिका') फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२,००० हून अधिक दावे तिच्यासमोर दाखल झाले आणि भरपाईसाठी सुमारे २४६ कोटी डॉलरची योजना २०२३ साली अमलात आली. संशयित स्वयंसेवकांच्या नोंदी संस्थेकडे अनेक दशके गुप्तपणे जतन केलेल्या होत्या. त्यांपैकी शेकडो नोंदी २०१२ साली न्यायालयाच्या आदेशाने उघड झाल्या. संस्थेची अब्रू राखण्याच्या नादात मुलांची सुरक्षा मागे पडली. ख्रिस्तसभेलाही हेच दुःख भोगावे लागले आहे. त्यामुळे या बाबतीत दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही, परंतु शिकण्याचे कर्तव्य निश्चित आहे.

म्हणून काही नियम निरपवाद असावेत. कोणताही प्रौढ एका मुलासोबत एकांतात राहणार नाही. प्रत्येक प्रसंगी किमान दोन जबाबदार प्रौढ हजर असतील. पथकात मुली असल्यास स्त्री मार्गदर्शक असलीच पाहिजे. मुलांच्या तंबूत प्रौढ झोपणार नाही. मुलाशी खासगी संदेशांची देवाणघेवाण होणार नाही. नव्या स्वयंसेवकाची चौकशी त्याची ओळख कितीही जुनी असली तरी होईल. धर्मगुरू, व्रतस्थ आणि ज्येष्ठ कार्यकर्ते यांनाही हेच नियम लागू राहतील. 'पॉक्सो' कायद्यानुसार (२०१२) अत्याचाराची माहिती अथवा शंका असल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि न कळविणे हा गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी उपलब्ध आहे. प्रकरण आपसात मिटविण्याचा सल्ला देणारा मुलाचा हितचिंतक नसतो.

हे नियम प्रामाणिक स्वयंसेवकाला अपमानास्पद वाटण्याचे कारण नाही. ते त्याचेही रक्षण करतात आणि पालकांना निर्धास्तपणे मूल पाठविता येते.

समारोप

ज्यांना हे कार्य हाती घ्यावेसे वाटते, त्यांनी प्रथम भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधून रीतसर प्रशिक्षण घ्यावे. सुरुवात एका दिवसाच्या सहलीने करावी, त्यानंतर एका रात्रीच्या मुक्कामाने. अनुभव आल्यावरच मोठ्या शिबिराचा विचार करावा. आपल्या धर्मग्रामात मैदान आहे, मुले आहेत आणि सेवाभावी माणसेही आहेत. त्यांतील दोघांनी जरी वर्षभर नियमितपणे आठवड्यातून दोन तास दिले, तरी एक पथक उभे राहू शकते. पुढे एखाद्या शिबिरात संघनायक स्वयंसेवकाला न विचारता आपल्या संघाचा तंबू उभारील, चूल पेटवील आणि लहानग्यांची मोजदाद करील. त्या दिवशी स्वयंसेवकाचे काम नीट झाले असे समजावे.