निर्वात नलिका

निर्वात नलिका : हवा काढून घेतलेल्या बंद कवचात, तापलेल्या ऋणाग्राकडून धनाग्राकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह अडवणारे, सोडणारे किंवा कमीजास्त करणारे साधन. कवच बहुधा काचेचे, क्वचित धातूचे असते. इंग्लंडात या साधनाला व्हॉल्व्ह म्हणजे झडप म्हणत, कारण त्यातून वीज एकाच दिशेने जाते. अमेरिकेत ट्यूब हे नाव रूढ झाले. आपल्याकडे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी व्हॉल्व्ह हाच शब्द बसला. 1904 पासून सुमारे 1960 पर्यंत रेडिओ, दूर पल्ल्याचा दूरध्वनी, दूरचित्रवाणी, रडार आणि पहिले संगणक हे सारे या नलिकांवर चालले. ‘इलेक्ट्रॉनिकी’ म्हणून आज जी विद्याशाखा ओळखली जाते, ती त्यांच्यापासूनच उभी राहिली.

रचना व कार्य : धातू पुरेसा तापला की त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवती हवा असेल तर तापलेला तंतू जळून जातो आणि इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आदळत राहतात. म्हणून आत निर्वात लागते. ऋणाग्र तापवायचे आणि समोरच्या पत्र्याला म्हणजे धनाग्राला धन विद्युत दाब द्यायचा, की प्रवाह सुरू होतो. दाब उलटा केला की प्रवाह थांबतो. एवढ्यावर चालते ती द्विप्रस्थ नलिका किंवा डायोड. दोहोंच्या मध्ये तारेची विरळ जाळी बसवली आणि तिला थोडा ऋण दाब दिला, की ती इलेक्ट्रॉनांना मागे रेटते. जाळीवरचा दाब किंचित बदलला तरी धनाग्राकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. क्षीण संकेत मोठा करणे, म्हणजे विवर्धन, ते हेच. या तीन अग्रांच्या नलिकेला त्रिप्रस्थ किंवा ट्रायोड म्हणतात. तिच्यातले दोष काढण्यासाठी पुढे आणखी जाळ्या आल्या. पाच अग्रांचा पेंटोड 1926 साली फिलिप्स कंपनीतील बर्नार्ड टेलेगेन यांनी केला.

जुना व्हॉल्व्ह हाती आला तर त्याच्या काचेला आतून आरशासारखा चंदेरी डाग दिसेल. तो बेरियमचा लेप असतो आणि नलिका बंद केल्यानंतर आत उरलेला किंवा पुढे सुटणारा वायू शोषून घेतो. डाग पांढरा, दुधी झाला असेल तर काचेला कुठेतरी तडा जाऊन हवा आत शिरली आहे असे समजावे. तो व्हॉल्व्ह पुन्हा चालणार नाही.

इतिहास : सुरुवात विजेच्या दिव्यातल्या काजळीपासून झाली. टॉमस एडिसन यांच्या दिव्यांची काच आतून काळवंडत असे. कारण शोधताना त्यांनी दिव्यात आणखी एक पट्टी बसवली, तेव्हा तापलेल्या तंतूकडून मोकळ्या जागेतून तिच्याकडे वीज वाहते असे दिसले. 1883 साली त्यांनी त्यावर पेटंटसाठी अर्ज केला आणि विषय सोडून दिला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती, त्यामुळे आपण काय पाहिले हे कळण्याची सोयच नव्हती.

लंडनमधील एडिसन कंपनीचे सल्लागार जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनीही 1880 नंतरच्या दशकात अशा दिव्यांवर प्रयोग केले होते. पुढे ते मार्कोनी कंपनीचे सल्लागार झाले. बिनतारी संकेत ओळखण्यासाठी त्यांना खात्रीचा शोधक हवा होता. 1904 साली कपाटात पडून राहिलेले ते जुने दिवे त्यांनी बाहेर काढले आणि ते चालले. पहिली उपयुक्त निर्वात नलिका ती हीच. म्हणजे ती मुळात वीस वर्षे तयारच होती. प्रश्न उशिरा आला.

अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी 1906 साली ऑडिऑन नावाची नलिका केली आणि लवकरच तिच्यात नागमोडी तारेची जाळी घातली. पाऊल मोठे होते, पण आपली नलिका का चालते याचा त्यांचा समज चुकीचा होता. आत थोडा वायू असलाच पाहिजे असे ते धरून बसले. त्यामुळे प्रत्येक ऑडिऑन वेगळा वागे आणि दाब वाढवला की आत निळसर प्रकाश पडून काम बिघडे. 1913 साली आपल्या कंपनीचे भाग फसवून विकल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये खटला चालला आणि सरकारी पक्षाने ऑडिऑनला निरुपयोगी वस्तू ठरवले. डी फॉरेस्ट सुटले, त्यांचे दोन सहकारी दोषी ठरले. त्याच सुमारास दूरध्वनी कंपनीतील हॅरल्ड आर्नल्ड आणि जनरल इलेक्ट्रिकमधील अर्व्हिंग लँगम्यूर यांनी वेगवेगळे काम करून एकच उत्तर काढले : वायू उपयोगाचा नाही, तोच अडथळा आहे, निर्वात आणखी कडक हवा. 25 जानेवारी 1915 रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रॅन्सिस्को दूरध्वनी सुरू झाला, तो या सुधारलेल्या नलिकांच्या जोरावर. त्रिप्रस्थ नलिकेचे श्रेय सहसा एकट्या डी फॉरेस्ट यांना दिले जाते. कल्पनेचे श्रेय त्यांचेच. भरवशाची वस्तू मात्र पंप आणि निर्वातमापक घेऊन बसलेल्यांनी घडवली.

कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1912 साली नलिकेतून मोठा झालेला संकेत पुन्हा तिच्याच जाळीवर आणून सोडला. विवर्धन कितीतरी पटींनी वाढले, आणि ही मात्रा आणखी वाढवली तर नलिका स्वतःच रेडिओ लहरी निर्माण करू लागली. या पेटंटवरून त्यांचे आणि डी फॉरेस्ट यांचे भांडण वीस वर्षे चालले. 1934 साली सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधासाठी पूर्वी दिलेले पदक आर्मस्ट्राँग परत करायला गेले, तर संस्थेने ते घेण्यास नकार दिला. व्यवसायातल्या माणसांनी दिलेला निकाल तो! पुढे त्यांनी एफएम प्रसारणाची पद्धत शोधली आणि तिच्या हक्कांसाठी मोठ्या कंपन्यांशी पुन्हा न्यायालयात झगडले. 1954 साली त्यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या इमारतीतून उडी घेऊन जीव दिला. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी दावे पुढे चालवले. शेवटचा 1967 साली जिंकला. हे चिवटपणाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मात्र प्रयोगशाळेत ज्या हट्टाने हा माणूस मोठा झाला, त्याच हट्टाने त्याला न्यायालयात संपवले, हे वगळून ते सांगणे बरोबर नाही.

भरवशाचा प्रश्न : व्हॉल्व्ह जातो, हा त्याच्यावरचा सनातन आक्षेप. तंतू तुटतो, ऋणाग्राचा लेप थकतो. पाच व्हॉल्व्हच्या रेडिओत हे चालून जाते; हजार व्हॉल्व्हच्या यंत्रात सतत काहीतरी बंद पडलेले असणार, असा हिशेब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाणकारही मांडत. ब्रिटिश टपाल खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रातले अभियंता टॉमी फ्लॉवर्स यांना तो मान्य नव्हता. पूर्व लंडनमधल्या एका गवंड्याचा हा मुलगा. युद्धापूर्वी दूरध्वनी केंद्रांत तीन-चार हजार व्हॉल्व्हची सामग्री त्यांनी चालवून दाखवली होती. त्यांचे निरीक्षण साधे होते : व्हॉल्व्ह जातो तो बहुधा चालू-बंद करताना. तंतू तापतो-निवतो, त्यात त्याचा जीव जातो. तो कधी बंदच केला नाही तर वर्षानुवर्षे टिकतो.

जर्मन लष्करी संदेशांची सांकेतिक लिपी फोडण्यासाठी ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रात कागदी फितींचे एक यंत्र होते. त्यात दोन फिती बरोबरीने पळवाव्या लागत. त्या ताणत, फाटत. एक फीत काढून तिचे काम व्हॉल्व्हकडे द्यावे, असे फ्लॉवर्स यांनी सुचवले. तिथल्या मंडळींचा विश्वास बसेना. फ्लॉवर्स डॉलिस हिलला परतले आणि आपल्या वरिष्ठांच्या पाठिंब्यावर, काही स्वतःचे पैसे घालून, सुमारे अकरा महिन्यांत यंत्र उभे केले. सुमारे 1,600 व्हॉल्व्हचा हा कोलोसस 1944 च्या आरंभी कामाला लागला आणि सेकंदाला 5,000 अक्षरे वाचू लागला. पुढच्या आवृत्तीत 2,400 व्हॉल्व्ह होते. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे झाली. युद्धानंतर बहुतेक यंत्रे मोडली गेली आणि आराखडे फ्लॉवर्स यांना स्वतःच्या हाताने भट्टीत घालावे लागले. गुप्ततेची शपथ असल्यामुळे ते तीस वर्षे याविषयी बोलू शकले नाहीत. अमेरिकेतला सुमारे 18,000 नलिकांचा एनिअॅक हा संगणक 1946 साली जगापुढे आला आणि पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान बराच काळ त्याच्याकडे राहिला. एनिअॅकच्या अभियंत्यांनीही नलिकांना त्यांच्या क्षमतेपेक्षा कमी दाबावर चालवून त्यांचे आयुष्य वाढवले होते.

याहून कडक परीक्षा समुद्राच्या तळाशी झाली. स्कॉटलंड आणि न्यू फाउंडलंड यांना जोडणारी अटलांटिकमधली पहिली दूरध्वनी तार 1956 साली सुरू झाली. तिच्या दोन तारांमध्ये मिळून 102 विवर्धक आणि प्रत्येकात तीन नलिका होत्या. बिघाड झाला तर तो मैलभर खोल पाण्यात. ही तार 1978 पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे वापरात होती.

भारतात : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक 1960 साली पूर्ण झाला. त्यात सुमारे 2,700 नलिका होत्या. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. तोवर परदेशांत ट्रान्झिस्टरचे संगणक विकले जात होते, तेव्हा यंत्र म्हणून तो जन्मतःच जुना होता. पण भारतात संगणक बांधता येतो हे त्याने दाखवले आणि बांधणारी माणसे तयार केली. रेडिओला लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये 1961 साली सुरू झाले. सेट लावल्यावर आवाज येईपर्यंत अर्धा मिनिट वाट पाहायची, ही तेव्हाच्या घरांतली सवय ऋणाग्र तापायला लागणाऱ्या वेळेमुळे होती.

आजचा वापर : डिसेंबर 1947 मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर चालला आणि पुढच्या दोन दशकांत तापवायचा तंतू बहुतेक उपकरणांतून गेला. तरीही नलिका संपल्या नाहीत. गिटारच्या विवर्धकांसाठी रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात त्या अजून तयार होतात. उपग्रहांवरून संकेत पाठवणाऱ्या प्रगामी तरंग नलिकाही त्याच कुळातल्या. तिसरी घरातच सापडते. रडारसाठी 1940 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी घडवलेल्या मॅग्नेट्रॉनचे वंशज मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न गरम करतात, आणि मॅग्नेट्रॉन ही निर्वात नलिकाच आहे.