पत्त्यावर ठरलेला हक्क: टपाल खात्यातील निवृत्तांच्या उपचारसोयीचा इतिहास

रत्नागिरीहून दक्षिणेस निघालेला रस्ता भाट्याची खाडी ओलांडून गोळपमार्गे पावसला पोहोचतो आणि पुढे पूर्णगडाच्या दिशेने मुचकुंदीच्या मुखापर्यंत जातो. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे पावसचे नाव महाराष्ट्रभर झाले असले, तरी गावाचा नित्य व्यवहार कोकणातील इतर गावांप्रमाणे मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसांच्या मनिऑर्डरींवर आणि त्या घरपोच आणणाऱ्या टपालावर पिढ्यान् पिढ्या चालत आला. ज्या खात्याने खाडीपलीकडच्या वाड्यांपर्यंत पैसा आणि पत्र पोहोचवले, त्याच खात्यातून निवृत्त झालेला माणूस अशा गावी राहायला आला की त्याच्या औषधपाण्याचे काय होते, हा प्रश्न वरकरणी लहान वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास ध्यानात येते की केंद्र सरकारच्या नोकरांची उपचारसोय दीर्घकाळ केलेल्या सेवेपेक्षा राहत्या पत्त्यावर आणि नेमणुकीच्या प्रकारावर अवलंबून राहिली.

टपाल खात्याला आपल्या माणसांच्या भवितव्याची काळजी नव्हती, असे म्हणता येणार नाही. १ फेब्रुवारी १८८४ रोजी सुरू झालेला टपाल जीवन विमा मुळात टपाल कर्मचाऱ्यांसाठीच होता. १८८८ मध्ये तो तार खात्याला लागू झाला आणि १८९४ मध्ये त्यात स्त्री कर्मचाऱ्यांचाही समावेश झाला. मात्र हा विमा मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावर रक्कम देणारा होता. आजारपणाचा खर्च त्याच्या कक्षेत कधीच आला नाही. आजारपणाची व्यवस्था केंद्रीय सेवा (वैद्यकीय परिचर्या) नियम, १९४४ यांनी लावली. त्यांनुसार कर्मचाऱ्याने सरकारने नेमून दिलेल्या डॉक्टरकडे, म्हणजे प्राधिकृत वैद्यकीय परिचारकाकडे, जायचे, त्याने लिहून दिलेली औषधे घ्यायची आणि पावत्या जोडून खर्चाची प्रतिपूर्ती, म्हणजे खर्च झालेली रक्कम परत, मागायची. ही व्यवस्था लहान गावात चालण्याजोगी होती, कारण तिला दवाखान्याची इमारत लागत नव्हती. पण तिचे छत्र सेवेत असेपर्यंतच होते. निवृत्त कर्मचाऱ्यांना हे नियम लागू नाहीत, ही अट त्यांत स्पष्ट होती, आणि ज्या वयात औषधांचा खर्च वाढू लागतो नेमक्या त्याच वयात पावत्या जोडण्याचा हक्क संपत असे.

१ जुलै १९५४ रोजी दिल्लीत अंशदायी आरोग्य सेवा सुरू झाली. अंशदायी म्हणजे लाभार्थ्याच्या पगारातून दरमहा ठरावीक वर्गणी घेऊन चालणारी. तीच पुढे केंद्र सरकार आरोग्य योजना, अर्थात सीजीएचएस, या नावाने ओळखली गेली. महाराष्ट्रात ती १९६३ मध्ये मुंबईला, १९७३ मध्ये नागपूरला आणि १९७८ मध्ये पुण्याला आली. योजनेचा पाया शहरी होता. जेथे केंद्र सरकारची कार्यालये दाटीने होती तेथे दवाखाने उघडायचे, त्यांच्या हद्दीत राहणाऱ्यांना औषधे द्यायची आणि मोठ्या आजारासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयांत पाठवायचे, अशी तिची रचना होती, आणि निवृत्तांनाही तिच्यात स्थान मिळाले. प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. तथापि केंद्र सरकारचे जे एक खाते देशातील गावोगाव पसरलेले होते, त्याच्या कर्मचाऱ्यांना ही शहरी चौकट सर्वांत कमी उपयोगी पडली, हेही तितकेच खरे.

टपालाच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. टपाल व तार खात्याने काही शहरांत स्वतःचे दवाखाने चालवले, आणि त्या खात्याचे अनेक कर्मचारी त्यांच्यावर अवलंबून असल्यामुळे सेवेत असताना सीजीएचएसचे सभासद नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी कार्ड मागितले तेव्हा, सेवेत असताना जो सभासद नव्हता त्याला निवृत्तीनंतर सभासद होता येणार नाही, असा नियम आडवा आला. अन्य खात्यांतील निवृत्तांना जे मिळत होते ते टपालाच्या निवृत्तांना शहरात राहूनही मिळेना. खात्याने आपल्या माणसांसाठी वेगळी सोय केली आणि तीच पुढे त्यांच्या हक्काच्या आड आली, हा या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक भाग आहे. निवृत्तांच्या संघटनांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. नोव्हेंबर २०१५ मध्ये सादर झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या अहवालाने उरलेले ३३ टपाल दवाखाने सीजीएचएसमध्ये विलीन करावेत आणि सेवेत असताना सभासद असो वा नसो, सर्व टपाल निवृत्तांना या योजनेत घ्यावे, अशी शिफारस केली तेव्हा कुठे ही कोंडी फुटण्याच्या मार्गाला लागली.

शहराबाहेर राहणाऱ्यांसाठी त्याआधीच एक वेगळी तडजोड झाली होती. पाचव्या वेतन आयोगानंतर, १ डिसेंबर १९९७ पासून, सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या निवृत्तांना दरमहा १०० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळू लागला. निश्चित म्हणजे पावत्या न मागता निवृत्तिवेतनाबरोबर मिळणारा, आणि केवळ बाह्योपचारासाठी, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या तपासणीसाठी व औषधांसाठी असलेला. हा भत्ता महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. त्यामुळे १०० रुपयांची रक्कम जवळजवळ अकरा वर्षे जागची हलली नाही. १ सप्टेंबर २००८ पासून ती ३०० झाली, १९ नोव्हेंबर २०१४ पासून ५०० आणि १ जुलै २०१७ पासून १,००० रुपये. रक्तदाबाची आणि मधुमेहाची रोजची गोळी घेणाऱ्या दाम्पत्याचा महिन्याचा औषधखर्च पाहता या वाढी नेहमीच उशिरा आणि अपुऱ्या ठरल्या, असेच म्हणावे लागते.

पावसला स्थायिक होणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यापुढे निवृत्तीची कागदपत्रे भरताना येणारा प्रश्न या साऱ्या इतिहासातून घडला आहे. पहिला पर्याय भत्ता घेण्याचा आहे. आपण सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहतो असे लिहून द्यावे लागते आणि वर्षाला १२,००० रुपये हाती येतात. परंतु केवळ भत्ता घेतला तर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आल्यास या योजनेचे संरक्षण नसते. दुसरा पर्याय मुंबई किंवा पुण्यासारख्या शहरात नाव नोंदवून कार्ड घेण्याचा आणि बाह्योपचार व रुग्णालयातील उपचार दोन्ही तेथूनच घेण्याचा. तसे केल्यास भत्ता मिळत नाही, आणि नेहमीच्या औषधांसाठी पावसहून मुंबईच्या दवाखान्यात खेपा घालणे म्हातारपणी कोणाला जमण्याजोगे नाही. तिसरा पर्याय या दोहोंमधला आहे: बाह्योपचारासाठी भत्ता घ्यावा आणि वर्गणी भरून कार्ड केवळ रुग्णालयातील उपचारांसाठी ठेवावे. कोकणातल्या गावी राहणाऱ्यासाठी बहुतेक वेळा हाच पर्याय शहाणपणाचा ठरतो, कारण रोजची गोळी गावच्या किंवा रत्नागिरीच्या दुकानातून घेता येते आणि हृदयाची वा सांध्याची मोठी शस्त्रक्रिया करायची तर मुंबई-पुण्याचा रस्ता धरावाच लागतो. घेतलेला पर्याय पुढे एकदाच बदलता येत असल्याने हा निर्णय घाईने उरकण्यासारखा नाही.

वर्गणीचा हिशेबही येथे मांडला पाहिजे. १ फेब्रुवारी २०१७ पासूनच्या दरांनुसार वेतनश्रेणी १ ते ५ मधील कर्मचाऱ्याला दरमहा २५०, श्रेणी ६ ला ४५० आणि ७ ते ११ ला ६५० रुपये वर्गणी पडते. निवृत्ताला ती वर्षाच्या वर्षाला भरता येते किंवा दहा वर्षांची एकदम भरून आजीवन कार्ड घेता येते. पोस्टमन आणि टपाल सहायक यांच्या मूळ श्रेणी तीन आणि चार असल्याने त्या श्रेणींतून निवृत्त होणाऱ्याला आजीवन कार्डासाठी ३०,००० रुपये लागतात. पदोन्नतीने श्रेणी ६ गाठली असेल तर ५४,००० आणि श्रेणी ७ असेल तर ७८,०००. तिसरा पर्याय निवडणाऱ्या पोस्टमनच्या बाबतीत अडीच वर्षांचा भत्ता ही रक्कम भरून काढतो. निवृत्तीच्या वेळी हाती येणाऱ्या ग्रॅच्युइटीतून एवढे पैसे बाजूला काढणे हा खाजगी आरोग्य विम्याच्या वयाबरोबर वाढत जाणाऱ्या हप्त्यापेक्षा पुष्कळच स्वस्त मार्ग आहे, आणि कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीलाही या योजनेत राहता येते.

हे सारे पर्याय नियमित कर्मचाऱ्यांचे. गावातील शाखा टपाल कार्यालय सांभाळणारा आणि वाडीवाडीत टपाल वाटणारा माणूस बहुधा ग्रामीण डाक सेवक असतो, ज्याला पूर्वी एक्स्ट्रा डिपार्टमेंटल किंवा नुसते ‘ई.डी.’ म्हणत. दिवसातील काही तासांच्या कामासाठी नेमलेला, उपजीविकेचे अन्य साधन असलेला स्थानिक माणूस, अशी त्याच्या पदाची मूळ कल्पना होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. के. राजम्मा प्रकरणात ही पदे नागरी पदे असल्याचा निर्णय दिला, पण त्यातून निवृत्तिवेतन मिळाले नाही आणि सीजीएचएसचे कार्डही नाही. २०११ पासून त्यांच्यासाठी सेवामुक्ती लाभ योजना आली. ती पैशाची तरतूद करते, उपचारांची नव्हे.

डाक सेवकाला आधार मिळाला तो खात्याबाहेरून. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रत्नागिरी नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली तेव्हा पावसचे शिधापत्रिकाधारक तिच्या कक्षेत आले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि पुढे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. ठरावीक शस्त्रक्रिया व उपचार रुग्णालयात विनामूल्य मिळावेत, हा तिचा आशय आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण खुले झाले. डाक सेवक पासष्टाव्या वर्षी सेवामुक्त होतो. मधली पाच वर्षे त्याला राज्याच्या योजनेवर आणि रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयावरच विसंबावे लागते. सीजीएचएसचे कार्ड असलेल्या निवृत्त पोस्टमनला मात्र सत्तरीत पोहोचल्यावर दोहोंपैकी एकच योजना ठेवता येते, आणि आयुष्मान भारत घेतली तर तिच्यात पाच लाखांची वार्षिक मर्यादा आहे, हे पाहूनच त्याने जुने कार्ड सोडावे.